चॅलेंजर मोहीम

चॅलेंजर मोहीम (१८७२–१८७६) ही महासागरांच्या शास्त्रीय अभ्यासासाठी ब्रिटिश आरमार व लंडनची रॉयल सोसायटी यांनी काढलेली सागरी मोहीम होती. आधुनिक समुद्रविज्ञानाचा आरंभ सामान्यतः या मोहिमेपासून मानला जातो.

पार्श्वभूमी

निसर्गशास्त्रज्ञ एडवर्ड फोर्ब्ज यांनी एजियन समुद्रातील निरीक्षणांवरून, सुमारे ५५० मीटर खोलीखाली जीवसृष्टी नसावी, असे अनुमान १८४० च्या दशकात मांडले. अंधार, थंडी व पाण्याचा प्रचंड दाब यांमुळे ते ग्राह्य वाटत असे. मात्र १८६८ ते १८७० या काळात चार्ल्स वायव्हिल थॉमसन व विल्यम कार्पेंटर यांना ईशान्य अटलांटिकमध्ये त्याहून बऱ्याच अधिक खोलीवर जिवंत प्राणी सापडले. हे इतर महासागरांतही खरे आहे का, हे पाहणे आवश्यक झाले.

प्रवास

‘चॅलेंजर’ या युद्धनौकेवरील बहुतेक तोफा उतरवून तेथे प्रयोगशाळा उभारण्यात आल्या. थॉमसन हे वैज्ञानिक पथकाचे प्रमुख, तर जॉर्ज नेअर्स हे आरंभीचे कप्तान होते. २१ डिसेंबर १८७२ रोजी पोर्ट्स्मथहून निघालेली नौका सुमारे १,२७,५०० किमी प्रवास करून २४ मे १८७६ रोजी इंग्लंडला परतली. वाटेत ३६२ ठिकाणी निरीक्षणे घेण्यात आली. वजन बांधलेला दोर सोडून खोली मोजणे, निरनिराळ्या थरांतील पाण्याचे तापमान नोंदवणे आणि तळावर जाळे ओढून गाळ व प्राणी गोळा करणे, ही त्यांतील मुख्य कामे होती. २३ मार्च १८७५ रोजी पश्चिम पॅसिफिकमध्ये, आज मेरियाना गर्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, ८,१८४ मीटर खोली नोंदली गेली.

निष्कर्ष

सुमारे ४,७०० नव्या जीवजातींची नोंद झाली आणि फोर्ब्ज यांचे अनुमान मागे पडले. विल्यम डिटमार यांनी पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून, क्षारता कमी-अधिक असली तरी प्रमुख क्षारांचे परस्परप्रमाण जवळजवळ स्थिर असते, हे दाखवले. समुद्रतळावरील मँगॅनीजयुक्त गोळेही याच मोहिमेत सापडले. थॉमसन यांच्या १८८२ मधील निधनानंतर जॉन मरे यांनी अहवालाचे काम तडीस नेले. हा ५० खंडांचा अहवाल १८९५ पर्यंत प्रसिद्ध झाला.

महत्त्व

तशाच गोळ्यांचे नमुने १९८१ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या नौकेने हिंदी महासागरातून मिळवले. चॅलेंजरवरील तापमानाच्या नोंदींची आर्गो या स्वयंचलित तरंगत्या उपकरणांच्या नोंदींशी तुलना करणारा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार मोजमापाच्या ठिकाणी वरच्या ७०० मीटर थराचे तापमान सरासरी सुमारे ०.३३ अंश सेल्सिअसने वाढले आहे. त्यामुळे महासागरांची तापमानवाढ अभ्यासताना या नोंदी जुना आधार म्हणून उपयोगी ठरतात.