पिवळा धोत्रा : नामेतिहास

पिवळा धोत्रा : (हिं. सत्यानाशी, भडभांड, गु. दारूडी, सं. स्वर्णक्षीरी, लॅ. आर्जेमोन मेक्सिकाना; कुल–पॅपॅव्हरेसी). महाराष्ट्रात पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा व नदीकाठ येथे आढळणारी ही काटेरी, वर्षायू ओषधी मूळची मेक्सिको व लगतच्या उष्ण अमेरिकेतील आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथात (१९०१–०८) तिची नोंद केली आहे. तिची लॅटिन, मराठी व संस्कृत ही तीनही नावे मात्र अन्य वनस्पतींवरून आलेली आहेत.

‘आर्जेमोन’ हे नाव भूमध्य सामुद्रिक प्रदेशातील आहे. ग्रीक भाषेत ‘आर्जेमा’ म्हणजे डोळ्यात पडणारे फूल. त्यावर उपयुक्त मानलेल्या, खसखशीसारख्या एका रानफुलाला डायॉस्कोरिडीझ (इ. स. पहिले शतक) यांच्या ग्रंथात हे नाव आढळते. कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये ते दोन ठिकाणी योजिले : यूरोपीय शेतांतील लाल फुलांच्या वर्षायू जातीस पॅपॅव्हर आर्जेमोन, आणि अमेरिकेतील पिवळ्या फुलांच्या वनस्पतीस आर्जेमोन मेक्सिकाना.

मराठी नाव बोंडावरील काट्यांमुळे पडले असावे. खरा धोत्रा सोलॅनेसी कुलातील असून त्याचा हिच्याशी निकटचा संबंध नाही. ‘फिरंगी धोत्रा’ या पर्यायी नावात मात्र ती परदेशी असल्याची जाणीव टिकून आहे.

‘स्वर्णक्षीरी’ हे नाव पिवळ्या चिकास शोभते; तथापि ते चरकसंहितेतही येते. अमेरिकेतील वनस्पती पंधराव्या शतकाच्या अखेरीपूर्वी भारतात आल्याचे मानता येत नाही. त्यामुळे संहितेतील स्वर्णक्षीरी ही दुसरीच वनस्पती होय आणि तिचे गुण पिवळ्या धोत्र्यास जसेच्या तसे लावणे युक्त नाही.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखे दिसते व त्याच्या तेलातील सँग्विनरीन हे द्रव्य विषारी असते. असे तेल मोहरीच्या तेलात मिसळल्यास पायांवर सूज येते व हृदय दुर्बल होते. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीमुळे सुमारे ६० जण दगावले. नावावरून वनस्पतीचे गुण ठरविण्यापूर्वी तिची ओळख पटवून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.