हौशी जॅझवाल्यांची चोरटी पोथी

आठवड्यातला एक ठरलेला वार. एखाद्या पबची मागची खोली, नाही तर चर्चचे तळघर, नाही तर कुणाच्या घरचा दिवाणखाना. एक दंतवैद्य सॅक्सोफोन घेऊन येतो, एक शाळामास्तर डबल बेस पाठीवर वाहून आणतो, निवृत्त इंजिनियर पियानोवर बसतो. त्यांतले काही जण परस्परांना पहिल्यांदाच भेटत असतात. कुणीतरी एका गाण्याचे नाव घेतो, पट्टी सांगतो, एक-दोन-तीन-चार मोजतो आणि चौथ्या मोजणीनंतर सगळे एकत्र वाजवू लागतात. तालीम झालेली नाही, संचालक नाही, बिदागी तर नाहीच. न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस, टोकियो अशा कितीतरी शहरांत हे चालते.

मराठी श्रोत्याला यात फारसे नवल वाटणार नाही. आपल्याकडे गवई आणि तबलजी थेट व्यासपीठावर भेटतात आणि मैफल रंगते. राग ठाऊक, ताल ठाऊक, मग अडते कुठे? जॅझवाल्यांचे मात्र गाणे अडते. त्यांना राग पुरत नाही, गाणेच लागते. तेही नेमके तेच गाणे, त्याच कॉर्डांच्या क्रमाने, सगळ्यांना सारखेच पाठ असलेले. अशा काही शे गाण्यांच्या साठ्याला ते ‘स्टँडर्ड’ म्हणतात. हा साठा परक्या माणसांच्या डोक्यांत सारखाच कसा उतरला, हा प्रश्न वरकरणी संगीताचा आहे. आम्हां साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो पाठचिकित्सेचा वाटतो. या हौशी मैफलींचा इतिहास एका संहितेचा इतिहास आहे, आणि ती संहिता चोरीची व अशुद्ध होती.

आधी ही गाणी कुठली ते पाहू. बरीचशी १९२० ते १९५० या काळातल्या ब्रॉडवेच्या संगीतिकांतली आणि हॉलिवुडच्या चित्रपटांतली. ‘ऑल द थिंग्ज यू आर’ हे जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे गाणे आज बहुतेक प्रत्येक हौशी वादकाला येते. ते ‘व्हेरी वॉर्म फॉर मे’ या १९३९ च्या संगीतिकेतले. ती संगीतिका ५९ प्रयोगांत गुंडाळली गेली. तिचे कथानक आज वाजवणाऱ्यांपैकी क्वचितच कुणाला सांगता येईल. नाटक बुडाले आणि पद तरले, ही गोष्ट मराठी माणसाला वेगळी समजावून द्यायला नको. ‘सौभद्र’ (१८८२) आणि ‘मानापमान’ (१९११) यांची पदे नाटकातून सुटून मैफलीत गेली आणि तिथे ती प्रसंगाच्या आधाराशिवाय, निव्वळ चीज म्हणून गायली जाऊ लागली. फरक एवढाच की आपल्या मैफलीत पदाचे शब्द टिकले. जॅझच्या मैफलीत बहुधा शब्द गळतात, गाण्याच्या आरंभीचा गद्यासारखा ‘व्हर्स’ गळतो, उरते ती धून आणि तिच्याखालच्या कॉर्डांचा सांगाडा. या सांगाड्याच्या आवर्तनांवर एकेक जण आपापली उपज करतो. बहुतेकदा आवर्तन बत्तीस बारांचे असते. शेवटी कुणीतरी स्वतःच्या डोक्याला बोट लावतो. मूळ धुनीकडे परतायचे, अशी ती खूण.

पोथी येण्याआधी शिकायचे कसे? कानाने. शिकागोच्या ऑस्टिन भागातील शाळकरी मुलांची हकिकत जॅझच्या इतिहासांत नेहमी येते. १९२२ साली शाळा सुटल्यावर ही पोरे एका आइस्क्रीमच्या दुकानात बसत. तिथल्या फोनोग्राफवर त्यांना ‘न्यू ऑर्लिन्स ऱ्हिदम किंग्ज’ यांच्या तबकड्या सापडल्या. मग उद्योग सुरू झाला: सुई टेकवायची, चार-दोन स्वर ऐकायचे, सुई उचलायची, प्रत्येकाने आपल्या वाद्यावर आपला स्वर हुडकायचा, पुन्हा सुई टेकवायची. जिमी मॅकपार्टलंड, बड फ्रीमन, फ्रँक टेशमाकर ही पुढे नावाजलेली मंडळी त्यांतलीच. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. ही मुले गोरी, तबकडीवरचा वाद्यवृंद गोरा, आणि संगीत न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीयांचे. हौशी माणसाच्या हाती पडलेली संहिता इथे पहिल्यापासूनच दुसऱ्या हाताची आहे.

तबकडी हीच पोथी मानणारा आणखी एक कंपू दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या आग्नेयेला, बार्नहर्स्ट येथील ‘रेड बार्न’ नावाच्या पबमध्ये जमत असे. त्यांचा म्होरक्या जॉर्ज वेब शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात काम करणारा, पियानो वाजवणारा. सोमवारी रात्री ही मंडळी किंग ऑलिव्हर आणि जेली रोल मॉर्टन यांच्या वीस वर्षांपूर्वीच्या तबकड्या प्रमाण मानून वाजवीत. त्यांची निष्ठा इतकी कडवी की त्यानंतरचा जॅझ त्यांना भ्रष्ट वाटे. १९४७ साली ईटनमध्ये शिकलेला हम्फ्री लिटलटन या कामगारांत येऊन ट्रंपेट वाजवू लागला. ब्रिटनमधील वर्गभेद ज्यांनी कादंबऱ्यांतून वाचला आहे त्यांना या दृश्याचे मोल कळेल. तरीही एक उणीव राहतेच. रेड बार्नमध्ये शिरायचे तर त्या तबकड्या घोटलेल्या असायला हव्यात. वाटेवरच्या अनोळखी माणसाला तिथे जागा मिळणे अवघड.

अनोळखी माणसाला जागा नसणे हे त्या काळच्या व्यावसायिक जॅम सेशनचे तर लक्षणच होते. हार्लेममधील ‘मिंटन्स प्लेहाउस’ १९३८ साली उघडले. १९४० नंतर तिथे थेलोनियस मंक आणि केनी क्लार्क यांच्या साथीला कोण कोण येऊन बसे आणि त्यातून बीबॉप कसा निघाला, हे पुष्कळांनी लिहिले आहे. कच्च्या वादकाने उठून जावे म्हणून तिथे अवघड पट्टी आणि अचाट लय मुद्दाम निवडली जाई. फुकट वाजवल्यास वादकांची संघटना दंड करी. हेन्री मिंटन स्वतः संघटनेचा प्रतिनिधी राहिलेला असल्याने त्याच्याकडे थोडे अभय होते. राल्फ एलिसनने मिंटन्सवर लिहिलेल्या निबंधात जॅम सेशनकडे जॅझवादकाची विद्यापीठे ठरलेली जागा म्हणून पाहिले आहे. ते खरेच, पण या विद्यापीठात प्रवेशपरीक्षा चारचौघांत होई आणि नापास झालेल्याचे हसे होई. दंतवैद्याने तिथे जाऊ नये हेच बरे.

दंतवैद्याची सोय केली ती एका पुस्तकाने. त्या पुस्तकाचा पूर्वज मात्र ग्रंथालयाच्या कपाटातल्या कार्डासारखा दिसे. १९४२ साली जॉर्ज गुडविन नावाच्या रेडिओतल्या माणसाने ‘ट्यून-डेक्स’ ही योजना काढली. तीन इंच गुणिले पाच इंचांचे कार्ड. एका बाजूस गाण्याची धून, शब्द आणि कॉर्ड, दुसऱ्या बाजूस प्रकाशक आणि स्वामित्वहक्काचा तपशील. हेतू हा की रेडिओवाल्यांना परवाने घेणे सोपे जावे. पण रात्रीच्या क्लबात ऐनवेळी फर्माईश पुरी करणाऱ्या वादकाला कार्डाची पहिलीच बाजू हवी होती. तेव्हा कुणी तरी कार्डे ओळीने मांडली, त्यांची छायाप्रत काढली आणि बांधून पुस्तक केले. त्याला ‘फेक बुक’ म्हणत. ‘फेक’ या शब्दाचा अर्थ इथे नकली असा नाही. न येणारे गाणे येत असल्यासारखे निभावून नेणे, याला वादकांच्या बोलीत तो शब्द होता. परवान्याच्या सोयीसाठी काढलेले कार्ड बिनपरवाना पुस्तकाचे बीज व्हावे हा दैवदुर्विलास. ही पुस्तके गाड्यांच्या डिकीतून आणि वाद्यांच्या दुकानांत गल्ल्याखालून विकली जात. १९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकेच्या एफबीआयने त्यांचा तपास केला.

जुनी फेक बुके गिचमिड होती, आणि त्यांत नव्या जॅझची गाणी नव्हती. १९७५ च्या सुमारास बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांनी हे काम नव्याने केले. त्यांनी तबकड्या ऐकून गाणी उतरवली, काही शिक्षकांकडून व रचनाकारांकडून हस्तलिखिते मिळवली आणि सगळे एका हाती, सुवाच्य वळणात लिहिले. नाव दिले ‘द रिअल बुक’. फेकच्या उलट रिअल. विनोद उघड आहे. त्यांनी आपली नावे कधी छापली नाहीत, आणि का ते सांगायला नको. मूळ प्रती हातोहात गेल्या; मग छायाप्रतीची छायाप्रत असा प्रवास सुरू झाला. जगभरच्या हौशी जॅझवाल्यांच्या पिशवीत तेव्हापासून हा जाडजूड, कडबोळ्यासारख्या वेटोळ्यांनी बांधलेला ग्रंथ असतो. आता पान क्रमांक सांगितला की पुरे. येणाऱ्याने तबकडी घोटलेली असो वा नसो, त्याला वाजवता येते.

या पुस्तकाने ज्यांचे गाणे घेतले त्यांना पैसा दिला नाही, आणि हा दोष हौसेच्या नावाखाली झाकता येणार नाही. शिवाय ते चुकांनी भरलेले होते, आणि इथे आमच्यातला पाठचिकित्सक जागा होतो. ‘ऑटम लीव्ह्ज’ घ्या. जोसेफ कोस्माची धून आणि जाक प्रेव्हेरचे शब्द. १९४६ च्या एका फ्रेंच चित्रपटातले हे गाणे जॉनी मर्सरने इंग्रजीत आणले. फ्रेंचमध्ये पाने ‘मेलेली’ होती, इंग्रजीत ती नुसती ‘शरदातली’ झाली. कॅननबॉल अ‍ॅडर्ली आणि माइल्स डेव्हिस यांनी १९५८ साली ते जी मायनरमध्ये वाजवले आणि जॅझवाल्यांची तीच वहिवाट पडली. रिअल बुकमध्ये मात्र ते ई मायनरमध्ये छापलेले. म्हणून आजही या गाण्याचे नाव निघाले की पट्टीचा वाद आधी मिटवावा लागतो. ‘ब्लू इन ग्रीन’ची गोष्ट कर्तृत्वाची. १९५९ च्या तबकडीवर रचनाकार म्हणून माइल्स डेव्हिसचे नाव, आणि पियानोवादक बिल एव्हान्स ती आपली म्हणत राहिला. संतांच्या अभंगांत कुणाची नाममुद्रा कुणाच्या अभंगाला चिकटली यावर ज्यांनी रात्री घालवल्या आहेत त्यांनी इथे क्षणभर थांबावे.

आमची खरी तक्रार मात्र चुकीच्या कॉर्डांविषयी नाही, शब्दांविषयी आहे. या पानांवर बहुधा गाण्याचे बोल नसतात. ज्याला बोल ठाऊक नाहीत तो धून श्वास मोडून वाजवतो, क्रियापदाच्या मध्येच थांबतो. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग वाजवण्याआधी गाण्याचे शब्द माहीत असावेत असा आग्रह धरी, असे त्याच्याविषयी सांगतात. पोथीने हौशी माणसाला दार उघडून दिले आणि उंबऱ्याशीच कविता काढून घेतली.

अशा पोथीचा अनुभव आपल्यालाही आहे. मुंबईत १८७० साली पारशी मंडळींनी ‘गायन उत्तेजक मंडळी’ स्थापन केली. ती हौशी लोकांचीच. विष्णु नारायण भातखंडे १८८४ साली तिचे सभासद झाले. पुढे त्यांनी घराण्यांच्या उस्तादांकडून चिजा मिळवून त्या स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. चीज अशी छापील असूच शकत नाही, मींड कागदावर उतरत नाही, अमुक घराण्यात ती अशी नाही, हे आक्षेप तेव्हाही होते आणि त्यांत तथ्यही होते. पण ज्याला उस्तादाच्या घरी गंडा बांधण्याची मुभा नव्हती, त्या मास्तराला आणि गृहिणीला ते पुस्तक उपयोगी पडले. भातखंड्यांनी नाव घालून, उघडपणे हे केले. बर्कलीच्या पोरांनी लपून. बाकी व्यवहार एकाच जातीचा आहे.

उलट बाजूही जवळच सापडते. १९३० च्या दशकापासून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणि अन्यत्र जॅझ वाजवणाऱ्या गोमंतकीय वादकांना कागद वाचण्याची अडचण नव्हतीच. गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फेज आणि व्हायोलिन शिकून ते आले होते. त्यांना मिळवायची होती ती कागद सोडण्याची विद्या, आणि ती त्यांनी परदेशी वादकांच्या शेजारी बसून आणि तबकड्या ऐकून मिळवली. म्हणजे ऑस्टिनची पोरे ज्या वाटेने गेली तीच.

स्वामित्वाचा एक विनोद राहिला. अमेरिकी कायदा धून आणि शब्द यांना संरक्षण देतो. कॉर्डांच्या ओळीला सहसा देत नाही. गर्श्विनच्या ‘आय गॉट ऱ्हिदम’च्या (१९३०) सांगाड्यावर बीबॉपवाल्यांनी कितीतरी नव्या धुनी चढवल्या त्या याच सवलतीने. आज हौशी मैफलीत कागदाऐवजी फोनवर ‘आयरिअल प्रो’ उघडलेले दिसते. त्यात फक्त कॉर्ड असतात. धून ज्याने त्याने आठवावी! कायद्याच्या कचाट्यातून सुटताना हौशी माणूस नकळत पुन्हा कानाकडे ढकलला गेला, हे आम्हांस तरी आवडले.

२००४ साली हॅल लेनर्ड या प्रकाशकाने परवाने घेऊन, रचनाकारांना मोबदला देऊन रिअल बुक अधिकृतपणे छापले. मुखपृष्ठ तेच, हस्ताक्षराचे वळणही तेच ठेवले, आणि आवृत्तीला ‘सहावी’ म्हटले, म्हणजे चोरीच्या पाचही आवृत्त्या वंशावळीत धरल्या. पुष्कळ चुका दुरुस्त केल्या. त्यामुळे हौशी मैफलीत एक नवी पंचाईत झाली. एकाच्या स्टँडवर विसाव्या पिढीची काळवंडलेली छायाप्रत आणि दुसऱ्याच्या स्टँडवर कोरी सहावी आवृत्ती. त्याच बारात दोघांचे कॉर्ड निराळे. अशुद्ध पाठ तीस वर्षे वाजून कानांत बसलेला, शुद्ध पाठ पाहुण्यासारखा. मोजणी सुरू करण्याआधी पियानोवाला विचारतो, जुने की नवे? बहुतेक वेळा उत्तर ‘जुने’ असे येते.