नाणेसंच, संग्राह्य : सणाची भेट

एखाद्या वर्षाची किंवा एका प्रसंगाची नाणी टांकसाळीने जास्तीची काळजी घेऊन पाडलेली आणि डबीत किंवा पाकिटात एकत्र बसवून विकलेली असली, की त्यांना संग्राह्य नाणेसंच म्हणतात. दिवाळी, नाताळ, बारसे, निवृत्तीचा निरोपसमारंभ अशा निमित्तांनी हे संच भेट दिले जातात. या नोंदीत मुख्यतः स्वतंत्र भारतातील संचांचा विचार केला आहे.

भारत सरकारच्या टांकसाळी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथे आहेत. 2006 मध्ये स्थापन झालेल्या ‘सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ या सरकारी कंपनीमार्फत त्या चालतात. मुंबईच्या फोर्ट भागातील टांकसाळीची इमारत 1829 मध्ये पूर्ण झाली. व्यवहारातील नाणी रिझर्व्ह बँकेमार्फत लोकांपर्यंत पोचतात, संग्राह्य संच मात्र टांकसाळी स्वतः मागणी नोंदवून घेऊन विकतात.

प्रकार : संच दोन प्रतींचे असतात. ‘यूएनसी’ म्हणजे वापरात न आलेली, स्वच्छ छापाची नाणी. ‘प्रूफ’ हा वरचा दर्जा. त्यासाठी ठसा आणि कोरी चकती दोन्ही घासूनपुसून झळाळीत केली जातात आणि एकाच नाण्यावर एकाहून अधिक वेळा दाब दिला जातो. चांगले प्रूफ नाणे दिव्याखाली तिरके धरावे. मोकळी जागा आरशासारखी काळी दिसते, तर चेहरा, अक्षरे आणि अशोकस्तंभाचे सिंह दुधी, खरखरीत उठून येतात. नाणे थोडे फिरवले की हाच खेळ उलटतो, जागा पांढरी आणि चेहरा गडद. यूएनसी नाण्यात हे दिसत नाही. दोन्हींच्या किमतीत बराच फरक असतो आणि तो रास्तच आहे.

इतिहास व धातू : 1950 च्या पहिल्या प्रजासत्ताक मालिकेतील पैशापासून रुपयापर्यंतच्या सात नाण्यांचे प्रूफ संच पाडले गेले. पहिली स्मारक नाणी 1964 मध्ये पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघाली. ती 1 रुपया आणि 50 पैसे यांची, निकेलची होती. गांधी जन्मशताब्दीच्या 1969 मधील नाण्यांनी या प्रकाराला खरा आकार दिला. 20 पैसे, 50 पैसे, 1 रुपया आणि 10 रुपये अशी ती चार नाणी. त्यांतले 10 रुपयांचे नाणे 15 ग्रॅमचे, 80 टक्के चांदीचे. त्यांवर 1869–1948 एवढीच वर्षे आहेत, 1969 कोठेही नाही. नवख्या संग्राहकाला ही नाणी गांधीजींच्या निधनाच्या वर्षाची वाटतात ती यामुळेच.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे 10 रुपयांचे नाणे (1972) वजनाने 22.5 ग्रॅम झाले, पण चांदी 50 टक्क्यांवर आली. 1974 मध्ये कुटुंबनियोजन आणि अन्नधान्य या विषयावर 50 रुपयांचे चांदीमिश्रित नाणे निघाले. त्या दशकातील संचांचे विषय पाहिले, तर सरकारच्या मनात तेव्हा काय होते ते कळते. धान्य, महिला वर्ष, बचत, घरे, बालक असे ते विषय होते. भेट म्हणून हे संच फार उपेक्षित राहिले आहेत. देशाची एक काळजी एका डबीत, याहून बोलकी भेट शोधावी लागेल.

महाराष्ट्राशी थेट जोडलेल्या नाण्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 1 रुपया (1990), छत्रपती शिवाजी महाराजांचे अकरा कोनी 2 रुपये (1999), लोकमान्य टिळकांचे 5 रुपये (2007) आणि आंबेडकरांच्या 125 व्या जयंतीनिमित्त निघालेले 125 रुपये (2015) ही ठळक होत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त 2010 मध्ये 1000 रुपयांचे नाणे निघाले. 2011 च्या नाणे अधिनियमानुसार याहून मोठ्या मूल्याचे नाणे पाडता येत नाही.

अलीकडच्या संचांचा तपशील राजपत्रातील अधिसूचनांत बारकाईने मिळतो. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाचे 75 रुपयांचे नाणे (2023) 44 मिलिमीटर व्यासाचे, 35 ग्रॅमचे, कडेला 200 दाते असलेले आहे. त्यात चांदी 50, तांबे 40, निकेल 5 आणि जस्त 5 टक्के. दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट किंमत देऊन असे नाणे घ्यावे लागते आणि ती किंमत निव्वळ चांदीची नसते. पुढे ती वाढेलच असे धरून भेट देऊ नये.

टांकसाळीची खूण : मुंबईची खूण चौकट आकाराचा ठिपका, हैदराबादची चांदणी, नोएडाची गोल ठिपका. कोलकात्याला खूण नाही. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर आधी ‘बी’ असे, शहराचे नाव बदलल्यावर ‘एम’ आले. ब्रिटिशकालीन ठशांवरून मुंबईत नंतरही नाणी पाडली गेली. त्यांतली मूळ कोणती आणि पुनर्छाप कोणती, याबाबत जाणकाराचे मत घेतल्याशिवाय खरेदी करू नये.

दिवाळीतील भेट व निगा : लक्ष्मीपूजनाला जुना राणीछाप रुपया ताम्हनात ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. तो 11.66 ग्रॅमचा, म्हणजे एका तोळ्याचा. त्याला चिंचेच्या कोळाने घासले, हळदकुंकू वाहिले तरी तो ते सोसतो. प्रूफ नाणे मात्र एवढ्यानेच कायमचे बिघडते. कुंकवाचे कण आरशासारख्या पृष्ठावर ओरखडे काढतात आणि बोटाचा ठसा काही महिन्यांत तपकिरी होऊन नाण्यातच बसतो. मिश्रधातूत तांबे जास्त असल्याने डाग लवकर धरतो. म्हणून भेट देतानाच सांगावे, की पूजेत डबी बंदच ठेवा, कॅप्सूल उघडू नका, टांकसाळीचे कागद फेकू नका. कागदाविना संच अपुरा समजला जातो.

लक्ष्मी-गणपतीची चांदीची नाणी : दर्शनी मूल्य नसलेली पदके. सरकारचे अशोकचक्रांकित सोन्याचे नाणे 2015 च्या धनत्रयोदशीआधी चार दिवस बाजारात आले, तेही याच वर्गातले.

अन्य देश : अमेरिकेतील प्रूफ संच 1936 मध्ये पुन्हा सुरू झाले. नाण्यांच्या टंचाईमुळे 1965 ते 1967 या काळात ते निघाले नाहीत. 1968 पासून सॅन फ्रान्सिस्कोची ‘एस’ खूण त्यांवर असते. ती चुकून राहून गेलेले 1975 चे प्रूफ दहा सेंट आजवर दोनच ज्ञात आहेत. आइल ऑफ मॅन बेटाने 1980 पासून नाताळच्या चित्राचे 50 पेन्स काढले. ब्रिटनच्या रॉयल मिंटने 2018 मध्ये ‘द स्नोमॅन’ या चित्रकथेवर तसेच नाणे काढले.

पाहण्यासाठी : मुंबईत रिझर्व्ह बँकेचे 2004 मध्ये उघडलेले चलन संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय.