गोल्फ कार्टच्या बॅटरी-जोडण्या: किनाऱ्यावर आणि खाणपट्ट्यात घ्यायची काळजी

पेडण्याच्या किनाऱ्यावर खारा वारा, डिचोलीत खनिजाची लाल धूळ आणि दोन्हीकडे चार महिन्यांचा पाऊस. रिसॉर्टच्या आवारात पाहुणे आणि सामान नेणाऱ्या बॅटरीच्या गाड्यांना तिन्ही गोष्टी बाधतात. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्यातही तेच. गाडी चढावर दमली की लोक बॅटरीला दोष देतात. पण अनेकदा दोष जोडणीत असतो.

जोडणी का तापते?
४८ व्होल्टच्या गाडीत ६ व्होल्टच्या आठ किंवा ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. सगळा करंट प्रत्येक जोडणीतून जातो, म्हणून एक सैल असली तरी पूर्ण गाडी अडते. सैल जागी फक्त ०.०१ ओहम अडथळा असला आणि १०० अँपिअर करंट गेला, तर तिथे १०० वॉट उष्णता तयार होते. शिशाचा टर्मिनल वितळतो, केबलचं आवरण जळतं, आगही लागू शकते.

महिन्यातून एकदा काय बघायचं?
टर्मिनलवर पांढरा किंवा हिरवट खार, काळवंडलेला लग, फुगलेली केबल, हलणारा नट.

साफसफाई
१. चावी बंद करा, स्विच ‘टो’वर ठेवा. अंगठी, कडं, घड्याळ काढा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा.
२. जोडण्यांचा मोबाईलवर फोटो काढा. मुख्य निगेटिव्ह केबल आधी काढायची, शेवटी लावायची.
३. बॅटरीची झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याचं पाणी ब्रशने लावा. फेस थांबला की साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. सोडा आत गेला तर बॅटरी खराब होते.
४. लग थेट टर्मिनलवर, वॉशर त्याच्या वर. नट कंपनीच्या पुस्तिकेतल्या मापानेच आवळा. जास्त जोर लावला तर शिसं तुटतं.
५. पेट्रोलियम जेली आवळून झाल्यावर वरून लावा, मध्ये नाही.

हे विसरू नका
चार्जिंगवेळी हायड्रोजन निघतो. पत्र्याची शेड बंद ठेवू नका, जवळ विडी-सिगारेट नको. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर भरा. प्लेटा उघड्या दिसल्या तरच आधी, त्या बुडतील एवढंच. ॲसिड डोळ्यात उडालं तर किमान १५ मिनिटं पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा. लिथियम बॅटरी असेल तर पाणी भरणं नाही, ती उघडायचीही नाही. बाहेरच्या जोडण्या मात्र तपासाव्याच लागतात.