कोलांटउडीला परवानगी

मूल कोलांटउडी शिकतं, हातांवर उभं राहतं, खांबावर उलटं होतं, यात इतिहास कुठे आला असं कुणालाही वाटेल. पण आपण गुलमंडीत बसलो आहोत. जवळच सुपारी मारुती आहे, आणि मारुती म्हटलं की तालीम आलीच. ही सगळी पेठ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्या राज्यात आखाडा काढायचा तर सरकारची परवानगी लागे. म्हणजे नवशिक्याच्या पहिल्या कोलांटउडीआधी एक अर्ज होता. आज बोलायचं आहे ते त्या अर्जाबद्दल.

आधी आपल्याकडच्या जिम्नॅस्टिक्सचं मूळ पाहू. ते मल्लखांबात आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख सापडतो. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण. हेही गाव पुढे हैदराबाद संस्थानातच होतं. नंतर बराच काळ या विद्येचा माग लागत नाही. तिला पुन्हा उभं केलं ते दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी. ती कथा तुम्ही ऐकली असेल. निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्यात आले, त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं आणि कुणी पुढे येईना. तेव्हा तरुण बाळंभट उभा राहिला. त्याने मुदत मागितली, वणीला सप्तशृंगीच्या पायाशी जाऊन तप केलं, तिथे मारुतीने दृष्टांत दिला आणि खांबावरचे डाव दाखवले. परत येऊन त्याने अलीला चीत केलं, आणि गुलाबने कुस्ती न खेळताच माघार घेतली.

पुण्यात ही कथा विजयाची म्हणून सांगतात. गुलमंडीत ती जरा वेगळी ऐकू यायला हवी, कारण आपण निजामाच्या बाजूचे! मला त्यातला दृष्टांत महत्त्वाचा वाटत नाही, मुदत महत्त्वाची वाटते. आहे त्या ताकदीवर जमणार नाही हे ओळखून हा माणूस थांबला आणि पहिल्यापासून शिकला. मल्लखांब म्हणजे न हलणारा, न दमणारा जोडीदार. खऱ्या मल्लाला धरण्याआधी खांबाला धरायचं.

म्हणून खांबावरचा पहिला धडा उडीचा नसतो, पकडीचा असतो. त्याला अढी म्हणतात. हातांनी खांब धरायचा, पाय वर न्यायचे आणि उलटं होऊन मांड्यांच्या कैचीत खांब आवळायचा. हात सुटले तरी माणूस सुटता कामा नये. खांबाला एरंडेल चोळतात, पकडीसाठी राळ वापरतात. सुरुवातीला मांड्या सोलवटतात, आणि बरीच मुलं तिथेच घरी बसतात. जमिनीवरही तेच. कोलांटउडीत आधी हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, भार मानेवर येऊ द्यायचा नाही. हे पुस्तकातून येत नाही. बाजूला उस्ताद लागतो, त्याचा हात कमरेशी लागतो, आणि रोज जमता येईल अशी जागा लागते.

सरकारला भीती वाटते ती या जागेची. हे फक्त निजामाचं नाही. १८११ मध्ये बर्लिनजवळ हासेनहायडे इथे फ्रीडरिश यान याने उघडं व्यायाममैदान सुरू केलं. समांतर दांड्या, आडवी दांडी ही साधनं तिथून पसरली. पण मैदानावर जमणारी पोरं राजकारणही बोलतात हे प्रशियाच्या राजाला खुपलं. १८२० ते १८४२, तब्बल बावीस वर्षं, तिथे सार्वजनिक व्यायामाला बंदी होती!

निजामाच्या राज्यात १९२९ ची गश्ती निशाण ५३ प्रसिद्ध आहे, ती सभांवरच्या निर्बंधांची. आखाड्यांवरची परवानगीची अट तिच्याच जातीची. १९३८-३९ मध्ये आर्य समाजाने सत्याग्रह केला तेव्हा मंदिरांच्या जोडीने आखाड्यांचीही तक्रार होती. आपण तो लढा धर्माचा म्हणून वाचतो. व्यायामाचा म्हणून कुणी वाचत नाही.

याची खरी तुलना पुण्याशी नको, अमरावतीशी करा. वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे. अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं आणि १९३६ साली, बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी, त्याच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. इंग्रज काही व्यायामप्रेमी नव्हते, पहारा त्यांचाही असायचा. तरी मालक एकच असलेल्या दोन मुलखांत एवढा फरक पडला. मराठवाड्यातल्या पोरांच्या मांड्यांत कैची कमी होती असं कोण म्हणेल?

आता आपल्याच शहरात भारतीय खेळ प्राधिकरणाचं केंद्र आहे, तिथे जिम्नॅस्टिक्स आहे. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कला झाली. मुली दोरावर आणि खांबावर दोन्हीकडे दिसतात. हा दोरही मुळात वेताचा. लांब वेत मिळेनासा झाला म्हणून सुताचा आला. त्याची गोष्ट मोठी आहे. वेळ संपत आलाय, तेव्हा ती प्रश्नोत्तरांत कुणी विचारली तर सांगतो.