कर्जफेडीतून जन्मलेला ‘क्लास’

ब्रिस्टलमध्ये ख्रिस्ती पंथांना कधीच तोटा नव्हता. जुन्या मठाच्या चर्चला 1542 मध्ये आठव्या हेन्रीने कॅथीड्रलचा दर्जा दिला. बाप्टिस्टांची मंडळी 1640 पासूनची. क्वेकरांनी डॉमिनिकन साधूंच्या मोडक्या मठाच्या जागेत आपले सभागृह थाटले. बाप्तिस्मा कोणाला द्यायचा, बिशप हवा की नको, असल्या वादांतून ही घरे वेगळी झाली. मेथडिस्टांची गोष्ट मात्र जरा निराळी. त्यांच्या पंथाचा कणा म्हणजे ‘क्लास’, आणि तो निघाला चक्क उधारीतून.

1739 च्या वसंतात मेथडिस्टांचे प्रवर्तक जॉन वेस्ली ब्रिस्टलला आले. ते अँग्लिकन चर्चचे दीक्षित पाद्री, त्यामुळे उघड्यावर प्रवचन करणे त्यांना आधी भलतेच वाटले. पण श्रोते हजारांनी जमू लागले आणि बसायला जागा हवी झाली. मे महिन्यात ‘न्यू रूम’चा पाया घातला. अकरा विश्वस्तही नेमले. तेवढ्यात त्यांचे सहकारी प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी सावध केले: उद्या तुमचे प्रवचन पटले नाही, तर हेच लोक तुम्हाला बाहेर काढतील. वेस्लींनी विश्वस्तांना रजा दिली आणि सगळा भार अंगावर घेतला. हाती पैसा नव्हता. गवंडी-सुतारांची देणी चुकवता चुकवता दीडशे पौंडांवर कर्ज झाले. पौंडाच्या 240 पेनी, म्हणजे 36,000 पेनींहून अधिक!

फेब्रुवारी 1742 मध्ये हे कर्ज कसे फेडायचे म्हणून बैठक बसली. फॉय नावाच्या कप्तानाने सुचवले, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांनी कुठून आणायची, असे कोणीतरी विचारले. कप्तान म्हणाला, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या; त्यांना जमले नाही तर त्यांचे मी भरीन. झाले, बारा-बाराचे गट पडले; हेच ते ‘क्लास’. एक जण दारोदार फिरून पेनी गोळा करायचा. आपल्या भिशीसारखेच, फक्त इथे भिशी कोणालाच लागायची नाही.

दारोदार फिरणाऱ्याला पैशांबरोबर घरातलेही दिसू लागले: कोण दारू पितो, कोण बायकोशी भांडतो. ते वेस्लींच्या कानी गेले आणि हिशेबाच्या या सोयीत त्यांना भलताच उपयोग दिसला. वसुली करणारा आता सभासदांच्या वागणुकीचीही चौकशी करू लागला. पण घरोघर जाण्यात वेळ फार जाई; शिवाय नोकरमाणसांना भेटायला त्यांचे मालक परवानगी देत नसत. मग सगळ्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसायचे ठरले. क्लासचे पुढारपण बायकांकडेही येई, आणि अठराव्या शतकात ही लहान बाब नव्हे. दर तीन महिन्यांनी सभासदांना छापील तिकीट मिळे. ज्याचे आचरण बरे नाही, त्याला मिळत नसे. यातला पहारेकरीपणा मला खटकतो. पण खाणीत राबणाऱ्या माणसाची दर आठवड्याला विचारपूस त्या काळी दुसरे कोण करत होते?

वेस्ली मरेपर्यंत अँग्लिकनच राहिले. पंथ वेगळा झाला तो 1791 मध्ये त्यांच्या निधनानंतर. 1771 मध्ये ब्रिस्टलच्याच परिषदेतून मेथडिस्ट प्रवचनकार फ्रान्सिस अ‍ॅस्बरी अमेरिकेला गेले होते. पुढे अमेरिकी मेथडिस्ट विल्यम टेलर 1871 च्या अखेरीस मुंबईत आले, आणि त्यांनीही आधी घराघरांत असेच गट जमवले. बिनपगारी मिशनरी म्हणून मुंबईत मुरलेले जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. कुलाब्याचे बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे.