ग्लुटामेट ग्राही : स्मृतीचे दार आणि लाखोळीचे विष

दोन चेतापेशींमधील सूक्ष्म फट, म्हणजेच चेतासंधी, संदेश ओलांडतो तो बहुतांशी रासायनिक द्रव्यांच्या साहाय्याने. पुढच्या पेशीला उद्दीपित करणारे त्यांतील प्रमुख द्रव्य म्हणजे ग्लुटामेट हे अमिनो आम्ल. पुढच्या पेशीवरील ज्या प्रथिनांवर ते जाऊन बसते, ती प्रथिने म्हणजे ग्लुटामेट ग्राही. (अजिनोमोटोतही ग्लुटामेटच असते, पण रक्तातील ग्लुटामेटला मेंदूत सहजासहजी प्रवेश मिळत नाही.)

ग्राहींची दोन घराणी आहेत. एएमपीए, कायनेट आणि एनएमडीए हे स्वतःच आयनांचे दार असतात. दुसऱ्या घराण्यातील आठ ग्राही पेशीच्या आत संथपणे रासायनिक साखळी सुरू करतात.

एएमपीएचे दार ग्लुटामेट बसताच क्षणार्धात उघडते व सोडियम आत शिरते. एनएमडीए अधिक चोखंदळ आहे. त्याच्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. ग्लुटामेट आले, जोडीला ग्लायसिनही आले, तरी पेशी पुरेशी उद्दीपित झाल्याखेरीज हे बूच निघत नाही. ते निघाले की कॅल्शियम आत येते, त्या चेतासंधीवरील एएमपीए ग्राहींची संख्या वाढते आणि जोडणी बळकट होते. शिकण्याचा व स्मृतीचा हा एक पाया मानला जातो. अशी टिकाऊ बळकटी ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूत दाखवून दिली.

दार प्रमाणाबाहेर उघडे राहिले, तर मात्र तेच कॅल्शियम पेशीला मारते. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटला की साचलेल्या ग्लुटामेटमुळे असे घडते.

याचे आपल्याकडील उदाहरण पूर्व विदर्भात पिकणाऱ्या लाखोळी डाळीत सापडते. तिच्यातील ओडीएपी हे विष ग्लुटामेटसारखेच असून ते एएमपीए ग्राहींना उद्दीपित करते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि सर्मा यांनी ते १९६४ मध्ये वेगळे केले. अवर्षणातही तग धरणारे हे पीक दुष्काळात गरिबांचे मुख्य अन्न होते, आणि विष बाधते ते काही महिने हीच डाळ प्रामुख्याने खाल्ल्यावर. पाय ताठरतात, चाल कात्रीसारखी होते. बुद्धी शाबूत राहते, पण गेलेली चाल सहसा परतत नाही. भरपूर पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी फेकून दिल्यास विष कमी होते, पूर्णपणे जात नाही.